पब्लिक ॲडजस्टर नेमून दहा महिने झाले: आमच्या घराच्या क्लेमचा अनुभव

बेरिल वादळानंतरच्या आमच्या घराच्या विम्याच्या क्लेमचा शेवटचा चेक या जूनमध्ये खात्यात जमा झाला. ऑक्टोबरात आम्ही पब्लिक ॲडजस्टर, म्हणजे आपल्या बाजूने नुकसान मोजून विमा कंपनीशी बोलणारा माणूस, नेमला, तेव्हापासून ओळखीतले लोक विचारताहेत की पैसे वसूल झाले का. फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा सगळं एकदा लिहून काढते. हा अनुभव टेक्ससमधला, आम्ही ह्यूस्टनजवळ शुगरलँडला राहतो. दुसऱ्या राज्यात नियम वेगळे असतात, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

८ जुलै २०२४च्या पहाटे बेरिल माटागोर्डाजवळ किनाऱ्याला धडकलं. ह्यूस्टन परिसरात २२ लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, आमच्याकडे ती सहा दिवस नव्हती. शेजारच्या ओकची फांदी गॅरेजच्या वरच्या छतावर पडली आणि सकाळपर्यंत वरच्या बेडरूमचं सिलिंग भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं खाली आलं. सासूबाई नेमक्या तेव्हाच पुण्याहून आलेल्या. त्या उकाड्यात त्यांना सांभाळायचं, की वर बादल्या लावायच्या, अशी अवस्था होती. तरीही नवऱ्याने आधी मोबाइलवर प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढला आणि मगच छतावर ताडपत्री टाकून घेतली. पुढे त्या व्हिडिओचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

इथे नुकसान मोजणारे ॲडजस्टर तीन प्रकारचे असतात. एक विमा कंपनीचा पगारी. दुसरा मोठ्या वादळानंतर कंपनी कंत्राटावर बोलावते तो. हे दोघेही कंपनीसाठीच काम करतात. तिसरा पब्लिक ॲडजस्टर, त्याला घरमालक नेमतो आणि घरमालकच पैसे देतो. सांगलीत २०१९च्या पुरात मामांच्या दुकानात पाणी शिरलं, तेव्हा पाहणीला आलेला सर्व्हेअर कंपनीनेच नेमलेला होता. आपल्या बाजूने मोजमाप करणारा परवानाधारक माणूस मिळू शकतो, हे मला इथे येऊन पंधरा वर्षं झाली तरी माहीत नव्हतं.

कंपनीचा माणूस ऑगस्टमध्ये आला, दुसऱ्या राज्यातून. बिचाऱ्याला त्या दिवशी आणखी पाच घरं करायची होती. चाळीस मिनिटांत फोटो काढून गेला. एस्टिमेट आलं १४,८०० डॉलरचं. त्यातून घसारा ३,९०० गेला. आमच्या पॉलिसीत वादळाचं डिडक्टिबल (नुकसानातला आपण स्वतः सोसायचा वाटा) घराच्या विमा रकमेच्या २ टक्के आहे, म्हणजे ४,२०,००० वर ८,४०० डॉलर. तेही वजा होऊन हातात २,५०० डॉलरचा चेक. जेवणघराच्या भिंतीवरचा डाग ‘जुनी गळती’ म्हणून नाकारला. छताचा एकच उतार धरला. छताखालच्या भिजलेल्या इन्शुलेशनचा (उष्णता अडवणाऱ्या थराचा) उल्लेखच नाही. त्या रात्री मी डायनिंग टेबलवर ते कागद पसरून बसले होते आणि खरंच रडू आलं. नुसत्या छताचं कोटेशनच याच्या कितीतरी वर होतं.

पब्लिक ॲडजस्टर मिळाला नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून. वादळानंतर दार वाजवत फिरणारे बरेच आले होते, त्यांना आम्ही उभं केलं नाही. सही करण्याआधी टेक्ससच्या विमा खात्याच्या साइटवर त्याचा परवाना तपासला. इथे त्याची फी क्लेमच्या रकमेच्या १० टक्क्यांवर जाऊ शकत नाही आणि सही केल्यापासून ७२ तासांत करार रद्द करता येतो. आम्ही एक गोष्ट हट्टाने लिहून घेतली: कंपनीने आधी दिलेले २,५०० सोडून, वर जे मिळेल त्यावरच १० टक्के. तो पटकन तयार झाला. छापील करारात सरसकट सगळ्या रकमेवरच फी होती, विचारलं नसतं तर तीच लागली असती.

आता त्याने नेमकं काय केलं ते सांगते, कारण पैसे त्यासाठीच मोजले. तो साडेतीन तास घरात होता. पहिला तास नुसता ॲटिकमध्ये, म्हणजे छताखालच्या माळ्यावर. तिथून खाली आला तेव्हा हातात मूठभर इन्शुलेशन होतं, तीन महिन्यांनंतरही ओलसर, गोळा झालेलं. मग ओल मोजायचं यंत्र घेऊन तो जेवणघराच्या भिंतीशी गुडघ्यावर बसला आणि दर फूटभर अंतरावर टोचत आकडे निळ्या टेपवर लिहून भिंतीला चिकटवत गेला. खिडकीपाशी आकडा वाढायला लागला, कोपऱ्यात सगळ्यात जास्त. तो कोपरा बरोबर वरच्या बेडरूमच्या खाली येतो. छतावर त्याने खडूने वर्तुळं केली: वाऱ्याने उचलून परत आपटलेल्या शिंगल्सवर (छतावरच्या पातळ कौलांसारख्या पट्ट्यांवर) आडवी घडी पडते, ती लांबून दिसत नाही, हाताने उचलून बघावी लागते. अशा शिंगल्स त्याला तीन उतारांवर सापडल्या.

सगळा क्लेम एका मुद्द्यावर अडला होता, तोही त्यानेच समजावला. आमच्यासारख्या पॉलिसीत पावसाचं पाणी घरात आलं म्हणून भरपाई मिळत नाही. आधी वाऱ्याने छताला किंवा भिंतीला भगदाड पाडलेलं असलं पाहिजे आणि पाणी तिथून आत आलेलं असलं पाहिजे. (खालून चढलेलं पुराचं पाणी तर यात येतच नाही, त्याचा विमा वेगळा.) फांदीने फोडलेल्या फळीचं लाकूड आतून ताजं, पिवळं दिसत होतं, काळं पडलेलं नव्हतं. पहिल्या दिवशीच्या व्हिडिओत ते स्पष्ट आहे. व्हिडिओतलं ते चित्र आणि भिंतीवरचे आकडे शेजारी शेजारी ठेवून त्याने ‘जुनी गळती’ हा शब्द खोडायला लावला.

माझ्या साड्यांचं तर मी सोडूनच दिलं होतं. बेडरूमच्या कपाटातल्या ट्रंकेवर ओलं सिलिंग पडलं होतं आणि लग्नातली पैठणी, आईची एक इरकल, दोन रेशमी साड्या खराब झाल्या. कंपनीच्या यादीत त्या ‘महिलांचा ड्रेस, ४ नग’ म्हणून साध्या कपड्यांच्या दराने लागल्या होत्या. त्याने लग्नाचे फोटो मागितले, पदराचे जवळून फोटो काढले आणि येवल्याच्या दुकानातून हातमागाच्या पैठणीचं लेखी कोटेशन मागवायला सांगितलं. बहिणीने डिसेंबरात तिथे जाऊन नवी घेतली, ते बिल आम्ही जोडलं. आईची इरकल काही परत येणार नाही. पण तिला ड्रेस म्हटलं गेलं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

नोव्हेंबरात त्याचं एस्टिमेट कंपनीकडे गेलं, जानेवारीत फेरतपासणी झाली. शेवटी घर ४१,९०० आणि सामान ४,४००, मिळून ४६,३०० डॉलर मंजूर. डिडक्टिबल वजा जाऊन ३७,९००. म्हणजे आधीच्यापेक्षा ३५,४०० जास्त, त्याची फी ३,५४०.

तक्रारीही आहेत. डिसेंबरात तीन आठवडे त्याचा पत्ता नव्हता, फोन नाही, मेल नाही. त्याच्याकडे तेव्हा बेरिलची खूप घरं होती हे कळतं, पण दोन ओळी लिहायला काय जातं? मी दर सोमवारी मेल टाकायला लागले तेव्हा गाडी हलली.

दुसरी गोष्ट त्याने आधी सांगायला हवी होती. फेब्रुवारीत घराचा २३,८०० डॉलरचा चेक आला तो चार नावांवर: आम्ही दोघं, ॲडजस्टरची फर्म आणि मॉर्गेजची (गृहकर्जाची) बँक. बँकेच्या सहीसाठी तो कुरियरने दुसऱ्या राज्यात पाठवावा लागला. बँकेने पैसे स्वतःकडे ठेवले, एक तृतीयांश आधी दिले, निम्मं काम झाल्यावर माणूस पाठवून पाहणी केली, आणि उरलेले पैसे काम संपल्यावर दिले. यात ॲडजस्टर मदत करत नाही, करारात नाही म्हणाला. छतवाल्याला ॲडव्हान्स द्यायला आम्हाला बचतीतून पैसे काढावे लागले.

घसाऱ्याचे राखून ठेवलेले ७,२०० काम पूर्ण झाल्याची बिलं दिल्यावर जूनमध्ये मिळाले. त्याआधी आम्ही डिडक्टिबल खरंच भरल्याचा पुरावाही कंपनीने मागितला. ‘डिडक्टिबल आम्ही सांभाळून घेतो’ म्हणणारा छतवाला भेटला तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका. टेक्ससमध्ये २०१९पासून ते बेकायदा आहे.

पुन्हा नेमेन का? एवढ्या नुकसानाला, हो. पण कंपनीचं पहिलं एस्टिमेट हातात आल्यावर, त्याआधी नाही; कधी कधी कंपनी नीट देते, मग दहा टक्के कशाला घालवायचे? मागच्या महिन्यात मैत्रिणीचं कुंपण आणि दोन खिडक्या गेल्या, तिला मी नको म्हणाले. डिडक्टिबल वजा जाऊन तिच्या हातात जेमतेम हजार डॉलर येणार होते.

जेवणघराच्या भिंतीला परवा रंगाचा दुसरा हात झाला. निळी टेप मी काढून क्लेमच्या फाइलमध्ये ठेवली आहे, आकड्यांसकट.