साइन-अप बोनसचा खर्च कशातून पूर्ण करावा: विमा, टॅक्स, भाडं की गिफ्ट कार्ड?

नवं क्रेडिट कार्ड काढून ठरलेल्या मुदतीत ठरलेला खर्च केला की बँक पॉइंट किंवा पैसे देते, तो साइन-अप बोनस. अमेरिकेतल्या आपल्या घरांचं गणित साधारण असं असतं. भाडं किंवा मॉर्गेज, डेकेअर, गाडीचा हप्ता हे मोठे आकडे परस्पर बँकेतून जातात. कार्डावर पडतो तो किराणा, गाडीचा गॅस, फोन, कधी बाहेरचं जेवण. दुसरीकडे चेस सफायर प्रिफर्डसारखं कार्ड पहिल्या तीन महिन्यांत चार-पाच हजार डॉलर खर्च मागतं आणि अमेरिकन एक्सप्रेस प्लॅटिनम सहा महिन्यांत त्याहूनही जास्त. ऑफर सतत बदलतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी स्क्रीनवर जी दिसेल तीच धरा. नेहमीचा खर्च आणि मागितलेला खर्च यांत समजा २,००० डॉलरचा फरक पडतो. तो कुठून भरायचा, एवढाच प्रश्न आहे.

माझी कसोटी सोपी आहे: उद्या बँकेचा फोन आला आणि 'हा खर्च कशाचा?' असं विचारलं, तर उत्तर देताना चाचरावं लागू नये. फीचा विचार त्यानंतर.

या कसोटीवर पहिला नंबर लागतो तो कधी ना कधी होणारच असलेल्या मोठ्या खर्चाचा. गाडीचा विमा दरमहा न भरता सहा महिन्यांचा एकदम भरला तर बऱ्याच कंपन्या सूटही देतात. मुलांचे समर कॅम्प, दाताचं काम, आणि आपल्या बाबतीत सगळ्यात मोठं म्हणजे डिसेंबरची भारताची तिकिटं. चौघांची तिकिटं काढली की बहुतेक कार्डांची अट जवळपास तिथेच संपते. फी शून्य, शंका शून्य. फक्त क्रम उलटा लावायचा: कार्ड आलं म्हणून खर्च शोधायचा नाही, खर्च समोर दिसला की अर्ज करायचा. मुदत खातं मंजूर झाल्या दिवसापासून मोजली जाते, कार्ड टपालाने हातात पडल्यापासून नव्हे. नवरा-बायकोपैकी एकाला ऑथराइज्ड यूजर केलं, म्हणजे त्याच खात्यावर दुसरं कार्ड दिलं, तर त्याचा खर्चही धरला जातो.

इथली खरी अडचण क्रेडिट लिमिटची. नव्या कार्डाला पाच हजारांचं लिमिट मिळालं आणि तिकिटं साडेसहा हजारांची निघाली, की लोक आज भरतात, उद्या बिल फेडतात, परवा पुन्हा भरतात. एकदा चालतं. पण महिन्यात लिमिट तीनदा रिकामं करून तीनदा भरणं बँकेला खटकतं, कारण दुसऱ्याचा पैसा फिरवणारे असंच करतात. त्यापेक्षा दोघांची तिकिटं या कार्डावर, दोघांची दुसऱ्यावर काढा.

दुसरा नंबर मी टॅक्सला देतो, आणि आपल्या लोकांत हा मार्ग फारच कमी वापरला जातो. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं टॅक्स खातं, स्वतः कार्ड घेत नाही, पण त्याने नेमलेल्या प्रोसेसर कंपन्या घेतात. त्यांतल्या पे-१०४० ची फी वैयक्तिक क्रेडिट कार्डावर १.७५ टक्के, एसीआय पेमेंट्सची १.८५ टक्के. म्हणजे २,००० डॉलरवर ३५ डॉलर. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं येत असेल किंवा शेअर विकून नफा झाला असेल, तर तिमाही टॅक्स तसाही भरायचा असतो: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ जानेवारी. तोच कार्डाने भरायचा. फक्त नोकरीचा पगार असलेल्यांनाही थोडी जादा रक्कम भरता येते. रिटर्न भरलं की ती परत येते. त्यांच्यासाठी जानेवारीचा हप्ता सोयीचा: जानेवारीत भरलं, फेब्रुवारीत रिटर्न ई-फाइल केलं, की परतावा बहुधा तीन आठवड्यांत खात्यात. जूनमध्ये भरलं तर तोच पैसा आठ महिने सरकारकडे पडून राहील. मात्र देणं काहीच नसताना दहा हजार भरून ते परत मागणं माझ्या कसोटीत बसत नाही.

भाडं कार्डाने भरण्याचा मोह साहजिक आहे, कारण आकडा मोठा. पण कार्डाने पैसे घेऊन घरमालकाला पाठवणाऱ्या मधल्या सेवेची फी बहुतेक वेळा अडीच ते तीन टक्के असते, म्हणजे त्याच २,००० वर ५० ते ६० डॉलर. बोनस ६०० डॉलरचा असेल तर एक महिना परवडतं, सवय करू नये. २.९ टक्के घेणाऱ्या प्लास्टिक (Plastiq) नावाच्या अशाच एका कंपनीने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि कंपनी दुसऱ्याकडे गेली. तेव्हा भाड्याच्या शेवटच्या तारखेला अशा सेवेवर विसंबू नका. चार-पाच दिवस आधी भरा, नाहीतर बोनस मिळेल आणि घरमालक लेट फी लावेल.

आता गिफ्ट कार्डं. प्रत्येक पार्टीत कुणीतरी हळूच सांगतं: ग्रोसरीतून पाचशे डॉलरची व्हिसा गिफ्ट कार्डं घे, झालं काम. चार कार्डं, प्रत्येकी साधारण आठ डॉलर ॲक्टिव्हेशन, म्हणजे ३२ डॉलर. टॅक्सपेक्षा तीन डॉलर स्वस्त! या तीन डॉलरसाठी काय पणाला लागतं ते पाहा. अमेरिकन एक्सप्रेसच्या अटींतच लिहिलंय की गिफ्ट कार्ड, प्रीपेड कार्ड आणि व्यक्ती-ते-व्यक्ती पाठवलेले पैसे वेलकम ऑफरच्या, म्हणजे साइन-अप बोनसच्या, खर्चात धरले जात नाहीत. बोनस दिल्यानंतरही तो परत घेण्याचा हक्क ती राखून ठेवते. पुढे ती कार्डं वापरून मनी ऑर्डर काढायची आणि बँकेत भरायची म्हटलं की तुमची रोजची बँकही प्रश्न विचारू लागते, आणि पगाराचं खातं बंद झालं तर मोठी पंचाईत.

असे खेळ जुनेच आहेत. अमेरिकेची टांकसाळ एक डॉलरची नाणी दर्शनी किमतीला घरपोच, फुकट पाठवायची. लोक ती कार्डाने मागवत, थेट बँकेत भरत आणि पॉइंट ठेवत. जुलै २०११ मध्ये टांकसाळीने कार्ड घेणंच बंद केलं. २०१३-१४ मध्ये एका जोडप्याने लाखो डॉलरची गिफ्ट कार्डं घेऊन तीन लाखांच्या वर कॅशबॅक कमावला. प्रकरण टॅक्स कोर्टात गेलं. २०२१ च्या निकालात गिफ्ट कार्डांवरचा कॅशबॅक करमुक्त ठरला, पण थेट मनी ऑर्डरवरचा करपात्र. निकाल करापुरता होता. बँकेने काय खपवून घ्यावं हे त्यात नाही.

सगळ्यात वाईट पर्याय मात्र गिफ्ट कार्ड नाही, तर गावी आई-बाबांना कार्डाने पैसे पाठवणं. मनी ट्रान्सफर ॲपवर क्रेडिट कार्ड लावलं की अनेक बँका तो व्यवहार कॅश ॲडव्हान्स, म्हणजे कार्डावर उचललेली रोख, धरतात: बहुधा पाच टक्के फी, पहिल्या दिवसापासून व्याज, आणि बोनसच्या हिशेबात शून्य. ते पैसे बँक खात्यातूनच पाठवा. व्हेन्मोसारख्या पैसे पाठवण्याच्या ॲपवर बायकोला पाठवून परत घेणं म्हणजे तीन टक्के देऊन अटी मोडणं.

बँकेला अस्वस्थ करणारी आणखी एक गोष्ट म्हणजे अट नेमकी पूर्ण करून कार्ड ड्रॉवरमध्ये टाकणं आणि बोनस येताच बंद करणं. वर्षाच्या आत बंद किंवा डाउनग्रेड केलं, म्हणजे कमी फीच्या कार्डात बदललं, तर पॉइंट काढून घेऊ, असं अमेरिकन एक्सप्रेसच्या अटींतच आहे. वर्षभर त्यावर किराणा आणत राहा. दुसऱ्या वर्षीची फी लागली की ठेवायचं की नाही ते ठरवा.

तेव्हा तिकिटं किंवा विमा समोर असेल तर बाकी काही वाचायचीही गरज नव्हती. नसेल आणि टॅक्स देणं असेल, तर टॅक्स. दोन्ही नसेल, तर एका महिन्याचं भाडं आणि उरलेला रोजचा खर्च. त्यानेही भागत नसेल, तर सहा महिन्यांची मुदत देणारं कार्ड बघा किंवा अर्ज तिकिटांच्या हंगामापर्यंत लांबवा. आणि बिल पूर्ण फेडता येणार नसेल तर हा सगळा हिशेब बाद: २४ टक्के दराने ४,००० डॉलरचं महिन्याचं व्याजच ८० होतं.

अट ४,००० ची असेल तर ४,२०० पर्यंत जा, आणि शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. वार्षिक फी खर्चात धरत नाहीत, आणि परत केलेला जॅकेट तेवढी रक्कम वजा करून जातो.