समलंब आकाराची चाकांची टेबले : वापरानंतरचे परीक्षण

प्रयोगशाळा, वाचनालय आणि चित्रकलेसाठी वेगवेगळ्या खोल्या बांधण्याइतका निधी ज्या शाळांकडे नाही, त्यांनी एकाच वर्गखोलीची मांडणी तासागणिक बदलावी, हा विचार जुनाच आहे. १९०७ साली रोममध्ये आपले पहिले बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू करणाऱ्या मारिया माँटेसरी यांनी जमिनीला जखडलेले बाक नाकारून मुलांना स्वतः हलवता येईल अशा हलक्या सामानाचा आग्रह धरला होता. आमच्या शाळेने वापरात आणलेली समलंब चौकोनी टेबले त्याच आग्रहाला धरून बनवलेली आहेत आणि ती मला मनापासून आवडली.

सारी करामत आकाराची आहे. लांब बाजू आखूड बाजूच्या दुप्पट आणि तिच्याकडचे कोन ६० अंशांचे असल्यामुळे दोन टेबले लांब बाजूंनी जोडली की षटकोन होतो व सहा मुलांचा गट समोरासमोर बसतो. आखूड बाजू आत ठेवून सहा टेबले मांडली की चर्चेसाठी मोठे कडे तयार होते, आणि तीच भिंतीला लावली की नाटुकलीसाठी मधली जागा रिकामी होते. ही उलथापालथ मुलेच करतात, आणि कुठे कोण बसणार हे ठरवताना त्यांच्यात होणारी बोलणी मला पाठाइतकीच मोलाची वाटतात.

उणिवाही आहेत. चाकांचे ब्रेक लहान पायांनी दबत नाहीत, चाकांच्या आसांत केस आणि दोरे गुंततात, आणि निमुळत्या कोपऱ्यांवरची कडपट्टी सर्वांत आधी सुटते. दप्तर अडकवायला हूक नाही, ही चूक तर अक्षम्यच म्हणावी लागेल.

फरशी उंचसखल असेल तर दोनच पायांना चाके असलेला नमुना घ्यावा. एक बाजू उचलून तो हातगाडीसारखा ढकलता येतो आणि ब्रेकची कटकटही उरत नाही. पैसे मोजकेच असतील तर संपूर्ण वर्गासाठी टेबले घेऊ नयेत. अर्ध्या मुलांपुरती घ्यावीत, उरलेल्यांसाठी सतरंज्या आणि मांडीवर ठेवण्याच्या पाट्या पुरतात, शिवाय खोलीत हालचालीला जागा राहते. मागणी नोंदवताना चाके आट्यांची, म्हणजे फिरवून काढता-बसवता येणारी, आहेत ना, हे अवश्य विचारावे, कारण झाळून पक्के जोडलेले चाक तुटले की संपूर्ण टेबल दुरुस्तीला पाठवावे लागते.