क्रायटेरियनचा ‘नाईट ऑफ द लिव्हिंग डेड’: घ्यायचा तर नटांसाठी घ्या

उठून चालणाऱ्या मुडद्यांचा हा जुना कृष्णधवल भयपट फुकट बघायला मिळतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. 1968 मध्ये वितरकाने ‘नाईट ऑफ द फ्लेश ईटर्स’ हे आधीचं नाव बदललं आणि नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची ओळ घालायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात एवढी चूक पुरेशी होती. तिथले हक्क गेले ते गेलेच. त्यामुळे इंटरनेटवर आणि स्वस्त डीव्हीडींवर याच्या वाटेल तेवढ्या प्रती सापडतात. मग क्रायटेरियन या अमेरिकी डिस्क कंपनीचा, 39.95 डॉलर छापील किंमत असलेला दोन ब्लू-रे डिस्कचा संच कशाला घ्यायचा?

चित्राची प्रत हे एक कारण आहेच. मूळ निगेटिव्हवरून 4के दर्जाची दुरुस्ती करून न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ही प्रत 2016 मध्ये पहिल्यांदा दाखवली. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो 2017 च्या जुलैत गेला आणि हा संच 2018 च्या फेब्रुवारीत आला. फुकटातल्या बऱ्याच प्रतींत पांढरं जळालेलं आणि काळं राखाडी झालेलं असतं, कडा कापलेल्या असतात. इथे 1.37:1 ची पूर्ण चौकट आहे आणि अंधाऱ्या खोलीत चेहऱ्याची एकच बाजू उजळलेली असली तरी दुसऱ्या बाजूचा डोळा काय करतोय ते दिसतं. अभिनय बघायला बसलेल्यासाठी हा फरक मोठा आहे. आवाज मोनोच ठेवलाय, तो उगाच पाच स्पीकरांत पसरवलेला नाही. योग्य केलं.

पण पैसे वसूल होतात ते नटांच्या बोलण्यात. संचात 1994 मध्ये, डीव्हीडीच्या आधीच्या लेझरडिस्कच्या जमान्यात, ध्वनिमुद्रित केलेल्या दोन कॉमेंटरी आहेत, म्हणजे चित्रपट चालू असताना त्यावर केलेलं बोलणं. पहिलीत रोमेरो, सहलेखक जॉन रुसो, कार्ल हार्डमन आणि मेरिलिन ईस्टमन. दुसरीत ज्युडिथ ओडिया (बार्बरा), रसेल स्ट्राइनर (तिचा भाऊ जॉनी), बिल हिंझमन (कबरस्तानातला पहिला मुडदा), कायरा शॉन (तळघरातली मुलगी), कीथ वेन (टॉम) आणि निर्मितीची व्यवस्था बघणारे विन्स सर्विन्स्की.

नटांच्या कॉमेंटरीत बहुतेक वेळा ‘मजा आली, सगळे घरच्यासारखे होतो’ यापलीकडे हाती काही लागत नाही. इथे लागतं, कारण यातले बरेचसे नट नुसते नट नव्हतेच. सुरुवातीला दहा जणांनी प्रत्येकी 600 डॉलर काढून काम सुरू केलं आणि पुढे खर्च सुमारे 1 लाख 14 हजार डॉलरवर गेला. एकांकिका स्पर्धेत जसा संवाद म्हणून आलेला नट विंगेत जाऊन पुढच्या प्रवेशाची खुर्ची उचलतो, तसाच हा मामला. हॅरी कूपर झालेला हार्डमन निर्माता होता, त्याचा स्वतःचा ध्वनी स्टुडिओ होता आणि स्थिरचित्रंही त्यानेच काढली. हॅरीच्या बायकोची भूमिका करणारी ईस्टमन मेकअप करत होती, वर किडा खाणारी मुडदाही तीच. कायरा ही हार्डमनची खरीखुरी मुलगी. जॉनी झालेला स्ट्राइनर निर्माता. त्यामुळे प्रसंग पडद्यावर चालू असताना ‘मला काय वाटलं’ आणि ‘हे कसं केलं’ ही दोन्ही उत्तरं एकाच तोंडून येतात.

दोन जागा मुद्दाम ऐका. पहिली, बार्बराची गाडी उतारावरून घरंगळत झाडाला घासते तो प्रसंग. गाडी स्ट्राइनरच्या आईची. दोन चित्रीकरणांच्या मधल्या काळात ती कुणीतरी ठोकली आणि पोचा पडला. पोचा लपवता येईना, म्हणून तो पडण्याचं कारणच गोष्टीत घातलं. दुसरी, बार्बरा चित्रपटाच्या नायकाला, बेनला, कबरस्तानात काय घडलं ते सांगते, ते लांबलचक स्वगतासारखं बोलणं. ते ओडियाने बरंचसं उत्स्फूर्त केलं होतं. हे कळल्यावर तो प्रसंग पुन्हा लावा: वाक्य अर्ध्यावर सोडणं, मधेच गरम होतंय म्हणणं, जॉनीच्या नावाशी येऊन अडखळणं. लिहिलेल्या संवादाला ही तुटकता सहसा जमत नाही. ओडियाच्या भूमिकेला ‘नुसती बसून राहते’ म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी तरी हे ऐकावंच.

रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं, हे चाहत्यांना पाठ असतं. कृष्णधवल फिल्मवर ते खपतं कारण तिथे रंगाचा प्रश्नच नसतो. हवा असतो दाटपणा, चकाकी आणि गडद छटा. थापी घेऊन कायरा आईवर तुटून पडते तिथे भिंतीवर उडालेले शिंतोडे या प्रतीत नीट निरखता येतात. ते सावकाश ओघळतात. पातळ रंग एव्हाना खाली पोचला असता.

खोट आहे ती माणसांच्या गर्दीत. सहा जण एका खोलीत, हशा पिकतो, एकमेकांचं वाक्य तोडलं जातं. ओडिया आणि कायराचे आवाज पहिल्या वीसेक मिनिटांत ओळखू यायला लागतात. पुरुषांच्या आवाजात मात्र गोंधळ होतो. चित्रपटाला इंग्रजी सबटायटल्स आहेत, कॉमेंटरीला नाहीत. पिट्सबर्गच्या बाजूचं इंग्रजी कानाला सवयीचं नसेल, तर हेडफोन लावून तुकड्यातुकड्याने ऐकणं सोयीचं.

या घोळक्यात डुएन जोन्स नाही. बेनचं काम करणारा हा नट 1988 मध्ये गेला. त्याची 1987 ची मुलाखत इथे आहे, नुसता आवाज. संपूर्ण संचात हीच सगळ्यात मोलाची चीज, असं माझं ठाम मत आहे. जोन्स नाटकातला आणि अध्यापनातला माणूस, पुढे न्यूयॉर्कच्या ब्लॅक थिएटर अलायन्सचा कार्यकारी संचालक झाला. आयुष्यभर आपल्याला फक्त ‘बेन’ म्हणून ओळखावं हे त्याला रुचत नव्हतं आणि ते बोलण्यात जाणवतं. तो मोजून बोलतो, किस्से विकत नाही.

बेन मुळात लिहिला होता तो रांगडा, अडाणी बोलीचा ट्रकचालक म्हणून. जोन्सने त्याची भाषा बदलून घेतली. भूमिका काळ्या माणसासाठी लिहिलेली नव्हती. निवडचाचणीत जोन्स सरस ठरला, हे रोमेरो कायम सांगत आला. जोन्सचं म्हणणं त्याच्या एक पाऊल पुढे जातं: काळा म्हणून घेतलं असं मला वाटलं नाही, पण मी काळा असल्याने चित्रपटाला वेगळा ऐतिहासिक अर्थ येईल हे मला दिसत होतं. दिग्दर्शकाला जे नंतर समीक्षकांनी सांगितलं, ते नटाला कॅमेऱ्यासमोर उभं राहतानाच कळलेलं. बार्बराला ठोसा मारण्याच्या प्रसंगाची जोन्सला धास्ती होती, तीही यातूनच. शेवटाबद्दलही तसंच. बेनला जिवंत ठेवावं का, असा विचार झाला होता. ओढूनताणून वाचवलेला बेन काळ्या प्रेक्षकांना पटणार नाही, असं जोन्सचं मत पडलं. ही मुलाखत ऐकून मग शेवटची दहा मिनिटं बघा, हार्डमनने काढलेल्या स्थिरचित्रांसकट.

बाकीचं झटपट. मुडद्यांच्या चालीवरचा माहितीपर भाग छान आहे. कुणालाही साचा घालून दिलेला नव्हता, म्हणून प्रत्येकाचा मुडदा वेगळा चालतो. हिंझमनचा तर दगड उचलून काच फोडण्याइतका चलाख. टॉमची प्रेयसी झालेल्या ज्युडिथ रिडलीची मुलाखत गोड पण पातळ. ओडियाची स्वतंत्र, सविस्तर मुलाखत हवी होती; ती नाही, ही मोठी उणीव. ‘नाईट ऑफ अ‍ॅन्युबिस’ ही 16 मिमी कच्ची जुळणी फक्त अभ्यासकांसाठी.

भारतात घेणाऱ्यांनी डिस्कचा रिजन, म्हणजे ती जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते ते, आधी बघावा. हा संच रिजन ए चा, भारत रिजन सी मध्ये. इथला साधा ब्लू-रे प्लेअर डिस्क नाकारेल. रिजन-फ्री प्लेअर लागेल. कॉम्प्युटरवर ब्लू-रेचा रिजन प्लेअर सॉफ्टवेअर ठरवतं आणि तिथेही तो सहसा मोजक्याच वेळा बदलता येतो. 2022 ची 4के आवृत्ती घेऊन सुटका होईल असं वाटतं, पण तिथे रिजनच्या आडकाठीतून सुटते ती फक्त 4के डिस्क. जोन्सची मुलाखत आणि बाकीचे पुरवणी भाग सोबतच्या ब्लू-रे डिस्कवरच आहेत. अमेरिकेत कुणी नातेवाईक असेल तर जुलै किंवा नोव्हेंबरपर्यंत थांबा. तिथल्या बार्न्स अँड नोबलमध्ये या महिन्यांत क्रायटेरियनच्या डिस्क निम्म्या किमतीला लागतात.