व्हिक्ट्रॉन व्हीडीआय गॅल्व्हॅनिक आयसोलेटर: कोणी घ्यावा, कुठे बसवावा

बोट धक्क्याला बांधून, धक्क्यावरच्या विजेचा प्लग लावून महिनोन्‌महिने उभी असते आणि वर्षभर पुरणारं झिंक (बोटीचा बाकीचा धातू वाचावा म्हणून पाण्याखाली लावलेला, स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) दोन-तीन महिन्यांत संपतं, अशा मालकासाठी हा डबा आहे. कोचीच्या बोलगट्टी मरिनात एसी चालू ठेवून राहणाऱ्या बोटी या गटात येतात. मुंबईत गेटवेसमोर किंवा कोकणातल्या खाड्यांत नांगरावर असणाऱ्या, सोलर आणि अल्टरनेटरवर भागवणाऱ्या बोटींना याचा काडीचा उपयोग नाही. यार्डात उचलून ठेवलेल्या बोटीलाही नको, तळाला पाणीच नसतं.

डबा दिसायला अगदीच साधा: धातूचं खोकं, दोन बोल्ट, बस. 16, 32 आणि 64 अँपिअर अशी तीन मापं मिळतात. धक्क्यावरच्या एमसीबीपेक्षा (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) कमी माप कधीही घेऊ नये. पुढे 32 अँपिअरचं कनेक्शन घ्यायचा विचार असेल, तर आजच 32 चा घ्या.

धक्क्यावरची अर्थिंगची वायर बोटीत येते आणि इंजिन, शाफ्ट, पाण्यातला पंखा (प्रोपेलर) यांना जोडली जाते. शेजारच्या बोटीचंही तसंच. म्हणजे एकाच खाऱ्या पाण्यात उभे असलेले सगळ्यांचे धातू एका तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडले गेले. ही बॅटरीच झाली. तुमचं झिंक आता शेजाऱ्याचा काँसाचा पंखा आणि जेटीचे लोखंडी खांबही सांभाळत बसतं. आयसोलेटर या वायरच्या मध्ये बसतो. आत दोन-दोन डायोड (ठरावीक व्होल्टेजनंतरच आणि एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारे भाग) उलटसुलट जोडलेले असल्यामुळे साधारण 1.2 व्होल्टपर्यंतचा डीसी प्रवाह अडतो. समुद्राच्या पाण्यात झिंक आणि काँसं यांच्यातला फरक पाऊण व्होल्टच्या आसपास असतो, म्हणून हे पुरतं. बोटीत फॉल्ट होऊन फेज अर्थला लागली, तर तो प्रवाह मात्र डायोड बिनधास्त जाऊ देतात आणि धक्क्यावरचा एमसीबी पडतो. गोड्या पाण्यासाठी झिंकच्या जागी मॅग्नेशियमचे तुकडे (अ‍ॅनोड) लावले असतील तर फरक 1.2 च्याही वर जाऊ शकतो. तिथे या डब्यावर फार विसंबू नका.

बसवण्यातच बहुतेक पैसे वाया जातात. बोटीवरच्या इनलेटमधून (धक्क्याची केबल जिथे लागते ते सॉकेट) अर्थची वायर आत आली की लगेच, कुठलीही फांदी फुटण्याआधी, आयसोलेटर हवा. अर्थच्या वायरइतक्याच जाडीची वायर आणि क्रिंप केलेले लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कड्या) वापरा; नुसती वायर बोल्टला गुंडाळणं चालणार नाही. बिल्जपासून (तळाशी पाणी साठतं ती जागा) वर, हवा खेळती असेल अशी जागा बघा. यानंतर चोरवाटा शोधा, म्हणजे आयसोलेटरला वळसा घालून अर्थ जोडली जाते अशा जागा. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत धातूचं इनलेट थेट बॉडीवर स्क्रूने बसवलेलं असेल, तर अर्थ तिथूनच जोडली गेली आणि डबा नावाला उरला. जेटीवरून आलेल्या टीव्ही केबलची जाळीही हेच करते. सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे धक्क्यावरून वेगळी एक्स्टेन्शन ओढून त्यावर लावलेला बॅटरी चार्जर.

काम नीट झालंय का हे दोन मिनिटांत कळतं. प्लग लावलेला ठेवून दोन बोल्टांमध्ये डीसी व्होल्ट मोजा. काही दशांश व्होल्ट दिसले तर डबा अडवतोय. शून्य दिसलं तर चोरवाट आहे, डायोड शॉर्ट झालेत किंवा मुळात अडवण्यासारखं काही नाही. दुसरी तपासणी प्लग काढून करायची. जनरेटर आणि इन्व्हर्टर बंद, एका बोल्टची वायर सोडायची, मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून दोन्ही दिशांनी बघायचं. दोन्हीकडे 0.9 च्या आसपास आलं की ठीक. आत कपॅसिटर असलेल्या इतर काही कंपन्यांच्या मॉडेलांत आकडा हळूहळू चढतो, घाबरू नये. शून्य आलं तर फक्त झिंकचा खर्च वाढेल. पण मीटरने 'ओपन' दाखवलं तर बोट अर्थिंगशिवाय चालू आहे, आणि दिवे, एसी, फ्रिज सगळं व्यवस्थित चालत असल्यामुळे ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. व्हीडीआयवर ही अवस्था सांगणारा दिवा नाही, ही त्याची खरी उणीव. निदान जवळपास वीज पडली की तपासा. अमेरिकेच्या एबीवायसी या बोटींची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ए-28 मानकात 'फेल-सेफ' प्रकार सांगितला आहे, तो निकामी झाल्यावरही अर्थ तोडत नाही. निवड करायची सोय असेल तर तसाच घ्यावा.

आता मुद्द्याचं. हा डबा धातू वाचवतो, माणूस वाचवत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) लागतो, धक्क्यावरही आणि बोटीतही. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी आरसीसीबी, आयसोलेटर नंतर. बोटीत चार्जर आणि इन्व्हर्टर असल्यामुळे 'ए' टाइपचा घ्या. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा, पण ते बटण अर्थिंगची वायर शाबूत आहे की नाही हे सांगत नाही, ती मीटरने वेगळी बघावी लागते. पाण्यात गळती आहे का हे बघायला मिलिअँपिअर दाखवणारा क्लॅम्प मीटर धक्क्यावरून येणाऱ्या अख्ख्या केबलभोवती, तिन्ही वायरी मिळून लावा. शून्य यायला हवं. जे काही दिसेल तेवढा प्रवाह पाण्यातून परत जातोय. गोड्या पाण्यात हे जास्त घातक, कारण तिथे माणसाचं शरीर पाण्यापेक्षा चांगलं वाहक ठरतं. पावसाळ्यात केरळातल्या वेंबनाड सरोवराचं किंवा गोव्याच्या मांडवी नदीचं पाणी बरंच गोडं होतं, हे पोहायला उतरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. प्लग लावलेल्या बोटींच्या मधल्या पाण्यात मुळात उतरूच नये.

प्लगबद्दलही थोडं, कारण आगी तिथून लागतात. निळा तीन पिनांचा प्लग 16 किंवा 32 अँपिअरचा असतो. पिनेवर मीठ चढून सांध्याचा रोध 0.1 ओहम झाला, तरी 16 अँपिअरला 25 वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्न प्लगच्या आत चालू ठेवावी, तसं. प्रवाह वाढलेला नसल्यामुळे एमसीबी पडत नाही. एसी तासभर चालवून दोन्ही टोकांना हात लावा. कोमट चालेल, चटका बसला किंवा पिन तपकिरी दिसली तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. एकच बदलला तर जुना नव्याला खराब करतो. 16 अँपिअरला 25 मीटरपर्यंत 2.5 चौरस मिलिमीटरची रबरी केबल ठीक, 1.5 ची नको. आणि ड्रमवर गुंडाळलेली केबल पूर्ण सोडल्याशिवाय भार टाकू नका. जोडताना आधी बोटीकडचं टोक, मग धक्क्याचं. काढताना बरोबर उलट.

याच कंपनीचा 3600 वॉटचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असला तर आयसोलेटर लागत नाही. धक्का आणि बोट यांच्यात तारेचा संबंधच राहत नाही. तो सुमारे 23 किलोचा, जागा खाणारा आणि कितीतरी महाग. कायम पाण्यात असलेल्या लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीसाठी आमचं मत तरीही त्यालाच. बसवणाऱ्याला एवढं विचारा: ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटचा न्यूट्रल बोटीच्या अर्थला जोडलाय का? तो जोडला नसेल तर पहिल्या फॉल्टला आरसीसीबी पडणार नाही.