सोळा टीबीची डिस्क आणि मधलं पान

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर हा गाढव कोण ते पंचक्रोशीला कळेल, आणि निम्म्या पंचक्रोशीला ते आधीच कळलंय. रत्नागिरी जिल्हा, खाडीकाठ, एवढं पुरे. पैसे गेले 19,300. फोटो आणि व्हिडिओ मिळून गेले 71,000 च्या आसपास, आणि ते माझ्याच पडवीत, माझ्या डोळ्यांदेखत, मला विचारून पुसले गेले. मी त्या माणसाला चहा पाजला. दोनदा.

मी अडाणी नाही. 27 वर्षं पतसंस्थेत काढली, त्यातली शेवटची 11 अंतर्गत तपासणीला. ओटीपी सांगू नका, आज रात्री वीज तोडणार असा मेसेज आला तर भीक घालू नका, हे मी वाडीत घरोघर सांगत आलोय. इथे फोनवर कुणी नव्हतंच. माणूस समोर बसला होता, वस्तू हातात दिली, पावती दिली. आपण सावध असतो ते फोनच्या बाबतीत. दारात येऊन "काका" म्हणणाऱ्याच्या बाबतीत नाही.

आधी फोटोंचं सांगतो, म्हणजे एवढा जीव का जळतोय ते कळेल. माझे सगळे फोटो गूगल फोटोजवर, तेही मूळ दर्जात, बारीक न करता. एकूण 412 जीबी. 2021 च्या 1 जूनपासून तिथला फुकट अमर्याद साठा बंद झाला, 15 जीबीतच मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं कोंबायचं. माझं काय भागणार त्यात? दोन टीबीचा प्लॅन घेतला, महिन्याला 650 रुपये. निवृत्त माणसाला ते दर महिन्याला टोचत होते, हे कबूल करतो.

त्याच वर्षी 22 जुलैला चिपळूण बुडालं. ताईचं घर तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो तेव्हा अल्बम चिखलात चिकटून वीट झाले होते. ते इकडे आणले, एकेक पान सोडवून पडवीत वाळत घातलं आणि जेवढं दिसत होतं तेवढ्याचे मोबाईलवर फोटो काढले. 340 निघाले. मूळ कागद पुढे बुरशीने काळे पडून फुकट गेले. आईचा लग्नाआधीचा एकुलता एक फोटो त्यात होता. आणि आमच्या वाडीचा व्हिडिओ, 2020 च्या 2 जूनचा. दुसऱ्या दिवशी निसर्ग वादळ आलं आणि त्या व्हिडिओतली अर्धी सुपारी आडवी झाली. हे सगळं फक्त तिथेच होतं, दुसरीकडे कुठेही नाही. म्हणूनच तर दुसरी प्रत करून ठेवावी असं डोक्यात आलं. विचार बरोबर होता हो! आजही बरोबरच आहे.

गेल्या शिमग्यात हा इसम देवळाच्या बाजूला टेबल टाकून बसला. मागे फ्लेक्स, टेबलावर लॅपटॉप, पाच-सहा काळ्या डिस्क. बोलायला आपल्याच बाजूचा. वरच्या वाडीतल्या एका घराशी नातं सांगितलं. त्या घरात आता कुणीच राहत नाही, हे मला माहीत असून सुचलं नाही. चाकरमानी आलेले, गर्दी, दोघा-तिघांनी माझ्यासमोर डिस्क घेतल्या. दर असा: 16 टीबीची डिस्क 4,200, ऑनलाइन फोटो त्यात उतरवायचे 2,500.

4,200 भागिले 16. आयुष्यभर आकडेमोड करून जेवलो, आणि हा भागाकार केला नाही. टीबीला 262 रुपये 50 पैसे! नावाजलेल्या कंपनीची नुसती दोन टीबीची डिस्कसुद्धा या पैशात येत नाही. एवढ्या स्वस्तात कुणी सोळा टीबी देत असेल तर तो तुम्हाला डबा विकतोय. लिहून ठेवा.

रात्रभर फोटो उतरायला चांगलं नेट लागतं, आमच्याकडे टॉवरची मर्जी. म्हणून तो म्हणाला की तालुक्याला लॉजवर नेऊन करतो. त्याच्या लॅपटॉपवर मी माझा पासवर्ड टाकला, मोबाईलवर "हो, मीच आहे" दाबलं. म्हणजे माझं सगळं खातं दोन रात्री त्याच्या खोलीवर होतं. आधारकार्डाचे फोटो, पासबुकाचे फोटो, नातवंडांचे फोटो. हे आठवलं की अजून झोप उडते. तिसऱ्या दिवशी तो डिस्क घेऊन बरोबर हजर झाला. पळून गेला असता तर बरं झालं असतं.

पडवीत बसून त्याने डिस्क जोडली. वापरलेली जागा 412 जीबी, अगदी बरोबर. एकूण मात्र 14.5 टीबी दाखवत होती. मी लगेच पकडलं, की सोळा सांगितलेत ना? तो हसून म्हणाला, "काका, कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर 1024 ने." हे खरं आहे, मुलीला विचारून खात्री केली. चोराने या एका प्रश्नाचं उत्तर खरं दिलं आणि माझी तपासणी तिथेच संपली.

पतसंस्थेत मी कधीही रजिस्टरचं पहिलं पान बघत नसे. पहिलं पान सगळेच नीट ठेवतात. मी मधलं पान उघडायचो, मग शेवटून तिसरं. कारकून त्यासाठी मला शिव्या घालायचे. आणि त्या दिवशी? 2010 चं फोल्डर उघडलं, फोटो दिसले. 2011, दिसले. 2012 चे गणपती, मुलीची दहावी, सगळं लख्ख. खाली 2024 पर्यंत फोल्डर रांगेत उभे होते. एक बोट खाली सरकवून 2021 उघडायचं होतं, बस. सांगायला कारण आहे: संध्याकाळी पालखी दारात यायची होती, अंगण सारवायचं बाकी, आतून हाका चाललेल्या. पण कारण ते कारण. बोट माझं होतं.

मग तो म्हणाला, "आता सगळं तुमच्या हातात आहे. महिन्याला 650 कशाला भरताय? 800 रुपयांत जुना साठा साफ करून देतो." मी हो म्हणालो. पुसलेले फोटो 60 दिवस कचरापेटीत राहतात, तेवढ्यात परत काढता येतात. त्याने पेटीही रिकामी केली. मला विचारून. 5,000 यूपीआयने, 2,500 रोख. एकूण 7,500.

आठ दिवसांनी भाचीने आजीचा तो फोटो मागितला. 2021 चं फोल्डर उघडलं. नावं सगळी, आकारही सगळे, फोटो एकही उघडेना. 2019, नाही. 2016, नाही. वर सरकत सरकत 2014 ला आलो. गणपतीचा एक फोटो अर्धा उघडला: मुकुट, कपाळ, डोळे, आणि सोंडेच्या खाली सगळं राखाडी. त्याच्यापुढे काही नाही. बेरीज केली, तोपर्यंतचे 58 जीबी.

डिस्कचे स्क्रू काढले. आत बोटाच्या पेराएवढी हिरवी पट्टी, तिच्यात 64 जीबीचं मोबाईलमधलं मेमरी कार्ड. वजन यावं म्हणून गरम गोंदाने चिकटवलेले दोन लोखंडी नट. बायकोने एक नट हातात घेतला आणि म्हणाली, "हा तर आपल्या पंपाचा वाटतो." पट्टीतली चिप कॉम्प्युटरला सांगते की मी सोळा टीबी आहे. कार्ड भरलं की पुढचं आलेलं सोडून देते, यादी मात्र लिहून ठेवते. म्हणून नावं दिसतात. डिस्क घेतलीत तर आधी एचटूटेस्टडब्ल्यू (h2testw) नावाचं फुकट साधन चालवा. ते डिस्क काठोकाठ भरून परत वाचून बघतं. वेळ लागतो, लागू दे.

आता दुसरा मूर्खपणा. घाबरून नेटवर डेटा परत काढून देणारा शोधला. "शंभर टक्के निघेल" म्हणाला. 10,000 आणि वर 18 टक्के जीएसटी, 11,800 आगाऊ. पैसे पोचले आणि फोन बंद. जे कार्डावर कधी लिहिलंच गेलं नाही ते कुणाचा बाप काढणार? पण त्या रात्री मला कुणी काहीही विकलं असतं. फसलेल्या माणसाच्या मागे दुसरा फसवणारा लगेच लागतो, त्या आठवड्यात कुणालाही पैसे पाठवू नका.

मुलगी पुण्याहून आली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, हे फुकट होतं." गूगल टेकआउट म्हणून सोय आहे, सगळे फोटो झिपच्या गठ्ठ्यांत मागवता येतात, गठ्ठा 50 जीबीपर्यंतचा घेता येतो. लिंक साधारण आठवडाभर चालते, तेवढ्यात उतरवून घ्यायचं. फोटोच्या तारखा कधीकधी फोटोसोबत येणाऱ्या जेसन (.json) फायलीत असतात, त्या कचरा समजून टाकू नका. ती हे सांगत होती आणि मी आढ्याकडे बघत होतो.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाले, "काका, फोटोच ना? मोबाईलमध्ये असतील की." नाहीत म्हटलं. "मग वस्तू मिळाली ना तुम्हाला? वस्तू मिळाली तर फसवणूक कसली?" मी टेबलावर नट ठेवला. ते हसले. जिल्ह्याला सायबरकडे जा म्हणाले. तिकडे गेलो तर रोख व्यवहार आणि समोरासमोरचा मामला, तुमच्या ठाण्यातच जा. ठाण्यात परत, तर तो लॉजवर राहिला ती हद्द आमची नाही. हद्द कुणाची का असेना, तक्रार घ्यावीच लागते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तसं लिहिलंय. मी कागद छापून नेला. साहेब बंदोबस्ताला गेलेत. जुनं चारशेवीस आता न्याय संहितेत 318 झालंय, हे मला पाठ झालं, त्यांना झालं नाही. एसटीच्या चार फेऱ्या, 920 रुपये, ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात. अहो, मीच टाकला, तेच तर सांगायला आलोय! मॅनेजरांनी मला लेखी अर्ज द्या म्हणून सांगितलं, अर्ज दिला, पोच मागितली तर शिक्का सापडेना. सात माणसांच्या शाखेत शिक्का सापडेना!

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मी नवव्या दिवशी फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, पण त्या खात्यात तोवर काही उरलं नव्हतं. तो उशीर माझा. तुम्ही आधी तो नंबर फिरवा, मग रडा. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मामल्याला फी नाही, तिकडे जायचं ठरवलं आणि पावती काढली. जीएसटी क्रमांक मोजला. 15 अक्षरं लागतात, 14 होती. हे मी आयुष्यभर हजारो बिलांवर मोजलंय.

पासवर्ड बदलला, जुनी उपकरणं खात्यातून काढून टाकली. आता ज्यांना ज्यांना व्हॉट्सॲपवर कधी काही पाठवलं होतं त्यांच्याकडून परत मागवतोय. 1,326 जमले. आईचा फोटो ताईच्या धाकट्या जावेकडे निघाला, बारीक झालेला, पण चेहरा ओळखू येतो. वाडीचा व्हिडिओ कुणाकडेच नाही. तिघा चाकरमान्यांनी माझ्यासमोर डिस्क घेतल्या होत्या, त्यातल्या दोघांना फोन करून सांगितलं, मधलं फोल्डर उघडून बघा. एकाने बघितलं आणि फोन ठेवून दिला. तिसऱ्याचा नंबर वाडीत कुणाकडे असेल तर त्याला आजच कळवा, ऑनलाइन साठा अजून पुसला नसेल त्याने.