न्यूयॉर्कच्या लॉ फर्ममधील परदेशी वकिलांचे प्रशिक्षण: लेखणीला धार, कोर्टाचे दर्शन दुर्मीळ

अमेरिकेत एलएलएम (कायद्यातील पदव्युत्तर पदवी) केल्यावर न्यूयॉर्कमधील एका मध्यम आकाराच्या लॉ फर्मच्या प्रात्यक्षिक प्रशिक्षणात मी दाखल झाले. माहितीपत्रकात खटल्यांच्या प्रत्यक्ष अनुभवाची ग्वाही होती. मात्र तेथील बारचा, म्हणजे वकिलीचा, परवाना मिळेपर्यंत परदेशी वकिलाला न्यायालयात उभे राहता येत नाही आणि अशिलाला परस्पर सल्लाही देता येत नाही, त्यामुळे मुंबई उच्च न्यायालयात रोज बोर्डावर (त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीवर) लक्ष ठेवून धावपळ केलेल्या माणसाला हे प्रशिक्षण सुरुवातीला अगदीच बैठे वाटते. डिपोझिशनला (खटल्यापूर्वी कोर्टाबाहेर शपथेवर घेतलेल्या साक्षीला) मागच्या खुर्चीत बसून टिपणे काढणे, ही त्या अनुभवाची कमाल मर्यादा होती.

मसुदालेखन मात्र इथे खरोखर शिकवतात. मेमोत (कायदेशीर मुद्द्यावरील टिपणात) आधी प्रश्न, लगेच थोडक्यात उत्तर आणि मग तथ्ये व विश्लेषण, हा क्रम मोडलेला चालत नाही. निवाड्यांचे लांबलचक उतारे डकवण्याची आपली सवय तर पहिल्याच आठवड्यात सुटते, कारण देखरेख करणारे वरिष्ठ प्रत्येक उताऱ्यापुढे ‘मग काय?’ एवढेच लिहून कागद परत करतात. डिस्कव्हरीच्या (खटल्यापूर्वी पक्षकारांनी एकमेकांना कागदपत्रे व माहिती देण्याच्या) कामात ईमेल चाळताना, केवळ वकिलाला प्रत पाठवली म्हणून मजकूर गोपनीय ठरत नाही, त्यात कायदेशीर सल्ला मागितलेला किंवा दिलेला असावा लागतो, हे त्यांनी एकेका ईमेलवर बोट ठेवून समजावले. असे वरिष्ठ वाट्याला आले नाहीत तर प्रशिक्षणात फारसे काही उरत नाही, आणि ते वाट्याला येणे हा निव्वळ नशिबाचा भाग आहे.

वेळेचा हिशेब सहा-सहा मिनिटांत, म्हणजे तासाच्या दशांशात, लिहावा लागतो. ‘कागदपत्रे पाहिली’ अशी माझी नोंद परत आली. कोणत्या करारातील कोणते कलम कशासाठी तपासले, हे लिहिल्यावरच ती स्वीकारली गेली. बिल भरणारा अशील ती ओळ वाचणार असतो, हे कारण मला पटले.

फर्मची खरी ढिलाई व्हिसाच्या वेळापत्रकाबाबत आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील पदवीनंतरचे ओपीटी (शिकलेल्या विषयात काम करण्याची तात्पुरती परवानगी) कायद्याच्या पदवीधरांना जास्तीत जास्त १२ महिन्यांचे मिळते, विज्ञान-तंत्रज्ञान शाखांसारखी २४ महिन्यांची वाढ मिळत नाही, आणि त्या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. बारची परीक्षा जुलैच्या अखेरीस असल्याने अभ्यासाचे आठवडे बरेचदा याच ९० दिवसांतून वजा होतात. हे ठाऊक असूनही फर्मने रुजू होण्याची तारीख दोनदा पुढे ढकलली आणि कळवले ते आयत्या वेळी. म्हणून प्रवेश घेणाऱ्याने ही तारीख आधी लेखी पदरात पाडून घ्यावी. विद्यावेतनाची घासाघीस त्यानंतर करता येते.