जुन्या मोटारसायकलची टाकी: मूळची दुरुस्त करावी की नवी बसवावी?

जुनी मोटारसायकल पुन्हा उभी करताना अनेकांचे काम पेट्रोलच्या टाकीपाशी येऊन अडते. मूळ टाकी पोचे आलेली, गंजलेली किंवा पार गहाळ झालेली असते आणि मग चार पर्याय उरतात: मूळ टाकीच दुरुस्त करणे, पोलादी पत्र्याची नवी टाकी घेणे, अॅल्युमिनियमची बसवणे किंवा फायबरची घेणे. विकत घेणारा सहसा रंग आणि चकाकी पाहतो. टाकीची प्रत मात्र तिच्या पोटाखाली, तोंडापाशी आणि आतल्या बाजूला कळते.

मूळ टाकी वाचण्यासारखी असेल तर नव्या टाकीचा विचार करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारखान्यात ती मोठ्या प्रेसवर, त्या मॉडेलसाठीच केलेल्या साच्यांत दाबून घडवलेली असते, त्यामुळे तिची वळणे आणि तिच्या जोडणीची मापे गाडीशी नेमकी जुळतात. आतला वरवरचा गंज सायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्लाने निघतो. खरी कसोटी तळाच्या सांध्यापाशी असते, कारण पेट्रोलपेक्षा जड असलेले पाणी तिथे साचून पत्रा आतून पोखरते. एखाद-दुसरे सुईएवढे भोक डाख देऊन बुजवता येते. पण टोचणीने दाबताच पत्रा जागोजागी भुसभुशीत लागत असेल, तर आत रसायनाचा थर देऊन गळती थांबवणे म्हणजे दुखणे पुढे ढकलणे होय. गंज नीट न काढता दिलेला किंवा पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलला न टिकणारा थर पुढे पापुद्र्यांसारखा सुटतो आणि कॉकची, म्हणजे टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीची, जाळी तुंबवतो. रिकाम्या टाकीला वेल्डिंग करणे तर जिवावर बेतू शकते: पेट्रोल संपले तरी वाफ उरते आणि ती हवेत मिसळली की ठिणगीने स्फोट होतो.

पोलादी नव्या टाकीत प्रतीचा फरक सर्वाधिक आढळतो, म्हणून इथे घाई करू नये. जुळणी दोन-तीन मिलिमीटरने चुकली तरी बोल्टची भोके जुळत नाहीत, किंवा पोटाखालची खाच अरुंद पडून टाकी चेसिसच्या पाइपावर घासते. कॉक बसण्याची जागा विशेष पाहावी. अनेक जपानी गाड्यांवर कॉक दोन बोल्टांवर बसतो आणि त्या बोल्टांमधील अंतर काही मॉडेल्सवर ३४, तर काहींवर ४४ मिलिमीटर असते. ब्रिटिश गाड्यांवर बहुधा पाव इंची पाइपाचे आटे असतात. हे आटे तिरपे पाडलेले असतील तर वॉशर कितीही बदलला तरी थेंब गळतच राहतो. झाकणाच्या तोंडाची कडा एकसारखी सपाट आहे का, हे त्यावर काचेचा तुकडा ठेवून काच आणि कडा यांच्या फटीतून उजेड येतो का ते पाहिल्यास लगेच कळते. आत विजेरीचा उजेड टाकून वेल्डिंगचे खडे आणि लोखंडाचा कीस शोधावा.

रंग लावून आलेली टाकी मी घेणार नाही. रंगाखाली लांबी (पुट्टी) किती भरली आहे हे दिसत नाही आणि जुळणीसाठी थोडी कानस मारावी लागली तर रंगाचा खर्चही वाया जातो. क्रोमच्या टाकीवर शंका आणखी वाढते, कारण मुलाम्याआधी घासून घासून पत्रा पातळ झालेला असू शकतो. बिल्ल्यांचेही पाहावे: ट्रायम्फने १९५७, १९६६ आणि १९६९ च्या मॉडेल-वर्षांत टाकीवरचा बिल्ला बदलला होता, त्यामुळे ‘सर्व वर्षांना चालते’ असे सांगून विकली जाणारी टाकी जाणकाराच्या नजरेतून सुटणार नाही.

अॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असते, पण पत्रा जाड घ्यावा लागत असल्याने वजनातली बचत त्या प्रमाणात होत नाही. नॉर्टन मँक्ससारख्या रेसिंग गाड्यांवर ही टाकी शोभते, लोखंडासारखी ती तांबूस गंजत नाही आणि हाताने ठोकलेली चांगली टाकी पाहतच राहावी अशी असते. तिचा दोष म्हणजे इंजिनाची थरथर; जुन्या जोडसिलिंडर इंजिनांवर ती कडकपणे आवळली तर वेल्डिंगच्या कडेला तडा जातो, म्हणून जाड रबरावर टेकवलेली आणि पट्ट्याने बांधलेली टाकीच घ्यावी.

फायबरबाबत फार लिहिण्यासारखे नाही. नेहमीच्या पॉलिएस्टर रेझिनवर इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा मारा होतो, रेझिन विरघळून कार्बोरेटरमध्ये आणि झडपांच्या दांड्यांवर चिकट राप धरतो आणि इंजिन अडकते. सुरुवातीच्या नॉर्टन कमांडोवर टाकी मुळातच फायबरची होती. तिथे अस्सलपणासाठी ती ठेवायची असेल, तर इथेनॉलला टिकणारा इपॉक्सी थर आतून देणे किंवा इथेनॉलविरहित पेट्रोलच वापरणे भाग आहे.

कोणतीही टाकी घेतली तरी रंगाआधी ती गाडीवर सीट, हँडल आणि केबलींसह बसवून, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे. त्यानंतर सगळी तोंडे बंद करून दोन-तीन पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाएवढीच हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. याहून जास्त दाबाने टाकीच फुगते. मूळ टाकी मात्र एवढ्यात भंगारात घालू नये, कारण नवीची मापे पडताळायला आणि वेळ आलीच तर झाकणाचे तोंड किंवा कॉकची जागा कापून घ्यायला तीच उपयोगी पडते.